उजव्या पायातला नारू

माझ्या उजव्या पायातून तीन नारू निघाले. पहिला अर्धाच निघाला, आणि आत राहिलेल्या अर्ध्याने मला जवळजवळ लंगडा केला. दुसरा आणि तिसरा सबंध निघाले. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी हे ताट उचलल्यावर वाचावं.

नारू म्हणजे काय हे कृष्णाकाठच्या माणसांना सांगावं लागतं, जतकडच्या माणसांना नाही. आमच्याकडे नदीचं वाहतं पाणी, त्यामुळे आम्ही हे फक्त ऐकलेलं. तो शेवईएवढा जाड, पांढरा, माणसाच्या मांसात वाढणारा किडा असतो. वर्षभर आत गुपचूप राहतो. मग एके दिवशी पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि दोऱ्याचं टोक बाहेर येतं. ते टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन बोटं, तीन बोटं असं बाहेर घ्यायचं. महिना-महिना लागतो. घाई केली की तुटतो, आणि तुटला की आत सडतो. त्या सालापासून मी शेवया खाल्लेल्या नाहीत.

औषधाची माहिती माझ्याकडे इतकीच आहे. ज्याला नारू झाला आहे त्याला ती उपयोगी पडेल. बाकीचं जे लिहितो आहे त्यात माझी तक्रार नारूबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त आहे.

पायाची नोकरी

मी फुटबॉल खेळून पोट भरलं. आमचं घर कराडजवळ मलकापूरला. मी कराडच्या मैदानावर अनवाणी खेळायला शिकलो, सेंटर फॉरवर्ड म्हणून. मुंबईच्या एका गिरणीच्या टीमने मला नेलं. कागदावर मी सांचेखात्यात, म्हणजे मागावर, कामाला होतो, पण सांचा कुठल्या बाजूने सुरू करतात तेही मला माहीत नव्हतं. तिथून रंगूनला बंदरातल्या लोकांच्या टीमकडे गेलो. लढाईत रंगून सुटलं, मग बसऱ्याला एका फौजी वर्कशॉपच्या टीममध्ये, नावाला स्टोअरकीपर. आणि लढाई आवरत आल्यावर कोलंबोला, चहाच्या एका कंपनीकडे.

मी काही नावाजलेला खेळाडू नव्हतो. कुठल्या तरी टीमचा सेंटर फॉरवर्ड पडायचा, आणि मग कुणाला तरी माझी आठवण यायची. करार एका हंगामाचा. गोल झाले की खांद्यावर घ्यायचे, पुढच्या दोन मॅच कोऱ्या गेल्या की जेवलास का म्हणूनही कुणी विचारत नसे. तेरड्याचा रंग तीन दिवस. आमचे वडील, आबा, पहिल्या लढाईत मेसोपोटेमियात जाऊन आलेले. त्यांना माझा धंदा कधी पटलाच नाही. लाथा मारून कुणी पोट भरतं हे त्यांनी गावात कुणाला नीट सांगितलंच नाही. विचारलं तर म्हणायचे, पोरगा बाहेरदेशी असतो.

बसरा सोडून कोलंबोला जाण्याआधी पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात मी महिनाभर घरी होतो. त्यातले आठ दिवस थोरल्या बहिणीकडे काढले. आक्का जत संस्थानातल्या एका गावात दिलेली. भयंकर ऊन होतं आणि मी येईल त्या घागरीतून तांब्या भरभरून पाणी प्यालो. ते पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी होतं. तेवढंच घडलं.

बादलीत काय दिसलं

पुढच्या वर्षी कोलंबोत, चषकाची शेवटची मॅच आठ दिवसांवर आली असताना माझ्या घोट्याच्या वर फोड आला. बूट चावला असेल म्हणून मी त्यावर पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी एवढी आग झाली की मी न्हाणीत बादलीत पाय घालून बसलो. गार पाण्यात स्वर्ग वाटला. मग पाणी दुधासारखं गढूळ झालं, आणि वाकून बघतो तर फोड फुटून त्यातून पांढरं काहीतरी डोकावत होतं आणि ते हलत होतं.

माझ्या खोलीत आमचा गोव्याकडचा गोलकीपर डिकॉस्टा राहायचा. मी त्याला हाक मारली. त्याने बादलीत पाहिलं, गळ्यातला क्रूस मुठीत धरला, कोपऱ्यात ओकला आणि बाहेर गेला तो पुन्हा त्या खोलीत झोपायला आला नाही. माझ्यासमोर ओकारी काढणारा तो पहिला. पुढे पुष्कळ भेटले.

कंपनीच्या गोऱ्या डॉक्टरने असला किडा पुस्तकात पाहिलेला होता. त्याने आणखी दोघांना बोलावून दाखवला, चष्मे पुसून तिघांनी पाहिला. मी माणूस नसून बरणीत ठेवायची वस्तू आहे असं मला वाटायला लागलं. त्याने टोक आगकाडीला गुंडाळून दिलं आणि बजावलं की ओढू नकोस, महिनाभर खेळ बंद.

महिनाभर? आठ दिवसांनी मॅच होती. माझ्या जागेवर टपलेला, माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलगा बाकावर बसलेला होता, आणि एकदा तो मैदानात उतरला की माझं काय होणार हे मला ठाऊक होतं. मीही कुणाच्या तरी अशाच जागेवर उतरलो होतो. मी न्हाणीचं दार लावलं, टॉवेलाने ती काडी घट्ट धरली आणि ओढली.

चार बोटं आला आणि तुटला. उरलेलं टोक ताणलेल्या रबरासारखं आत गेलं. दोन दिवसांत पाय गुडघ्यापर्यंत डेऱ्यासारखा सुजला. माझी गादी मैदानामागे नेऊन जाळली. मॅनेजर साहेब खोलीच्या दाराबाहेर उभे राहून सभ्यपणे म्हणाले की सप्टेंबरअखेर धड पाय घेऊन ये, तोवर जागा तुझी. त्यानंतर ती कुणाची, हे बोलायची गरज नव्हती.

घरची माणसं

बोटीने आणि तीन गाड्या बदलत मी कराडला उतरलो तेव्हा पायाला वास मारत होता. टांगेवाल्याने मला मागे, तोंड बाहेर करून बसवलं. घरी माझी बायको हौसा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तो ओवाळून टाकता टाकता तिची नजर पट्टीवर गेली आणि तिने पदर नाकाला लावला. मी तिला दोष देत नाही. मलाच माझी किळस येत होती, फक्त मला स्वतःपासून लांब जाता येत नव्हतं.

घरात माझं ताट वेगळं झालं. ते जमिनीवरून माझ्याकडे सरकवलं जाई. वहिनीने तिच्या मुलांना सोप्यात यायची बंदी केली. आबा दोन दिवस माझ्याकडे फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना ते समोर येऊन उभे राहिले, पू बघितला आणि म्हणाले, "गोळी लागून लंगडा झाला आसतास तर मान तरी मिळाला आसता."

ते वाक्य मला पायापेक्षा जास्त दिवस दुखलं. पण खरं सांगायचं तर मीही मनात तेच म्हणत होतो. किडा लागून पडलेला खेळाडू ही कुणाला सांगायची गोष्ट नव्हती.

एक मात्र लिहिलंच पाहिजे. हौसा माझ्या पट्ट्या रोज परसात वेगळ्या मडक्यात उकळायची. चिमट्याने उचलायची, मान पार दुसरीकडे फिरवायची, मध्येच उठून कोपऱ्यात ओकून यायची आणि परत येऊन उरलेल्या पट्ट्या उकळायची. एक दिवससुद्धा चुकली नाही. त्या वेळी मला फक्त तिची फिरवलेली मान दिसायची.

सांगलीतली खाट

ताप उतरेना म्हणून मला सांगलीला आपटे डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. बारा खाटांचा दवाखाना. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि आबांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. आबा परत आले तेव्हा त्यांनी येऊन पहिल्यांदा माझ्या कपाळाला हात लावला, त्यावरून मला कळलं की पाय कापायची गोष्ट निघाली आहे.

तीन दिवस मी त्या एकाच विचारात होतो. दोनदा चिरा देऊन पू काढला. दुसऱ्या वेळी त्या घाणीबरोबर तुटलेला नारू तुकड्या-तुकड्यांनी आला. नर्सबाई तो मला दाखवू लागल्या, मी नको म्हटलं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की पाय राहील. मी उशीत तोंड खुपसून रडलो.

दवाखान्याचा दिवस म्हणजे सकाळी पट्टी, मग पेज, मग डॉक्टरांची फेरी, मग पुन्हा पट्टीची वाट बघत पडणं. डेटॉलचा वास, त्याखाली आमचा वास. शेजारच्या खाटेवर बिराप्पा नावाचा जतकडचा म्हातारा मेंढपाळ होता. त्याच्या मांडीतून नारू निघत होता आणि हा त्याचा नववा होता. सकाळी तो स्वतःच काडी फिरवायचा आणि प्रत्येक वेढ्याला कानडीत मोजायचा, ओंदु, एरडु. नारू जरा अडला की थांबायचा, तंबाखू मळायचा, मेंढरांच्या गोष्टी सांगायचा. मी माझा नारू ओढला हे ऐकून तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "त्यो त्येच्या चालीनं येतोय गड्या. तुला गाडी गाठायची आसंल, त्येला कुटं जायाचं हाय?"

मला गाडी गाठायची होती हेच खरं. मी सप्टेंबरपर्यंतचे आठवडे बोटांवर धरून बसलो होतो. आणि मे महिना संपायच्या आत त्याच पायाच्या पोटरीवर नवा फोड आला, आणि त्याच्या खाली आणखी एक. दुष्काळात तेरावा महिना.

आपटे डॉक्टरांनी या वेळी स्टूल ओढून घेतलं आणि मला नीट समजावून सांगितलं. नारू बाहेर येतो तो पाण्याची वाट बघत येतो. पाय पाण्यात गेला की तो दुधासारखी पिलं सोडतो. डोळ्याला जेमतेम दिसतील असे किडे पाण्यात असतात, ते ती पिलं खातात. तेच पाणी माणसाच्या पोटात गेलं की वर्षाने त्याच्या पायातून नवा नारू निघतो. म्हणून पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी धोक्याचं, कारण तिथे माणूस पाण्यात उतरतो.

"दोनच गोष्टी पाळायच्या," ते म्हणाले. "पाय पिण्याच्या पाण्यात घालायचा नाही, आणि पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं. तुमची बहीण तिकडची आहे ना? मग गावात हे सांगा. परक्याचं ते ऐकणार नाहीत, घरच्या माणसाचं ऐकतील."

मी हो म्हटलं. सोपं काम होतं.

आक्काचं गाव

या नारूंना खाट लागणार नव्हती, नुसती काडी आणि सवड लागणार होती. पण मलकापूरला परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात आक्का सांगलीला भेटायला आली. तिने पट्टी सोडून पाय आपल्या मांडीवर घेतला, भाजी निवडताना बघावं तसा उलटसुलट बघितला आणि माझं बोचकं बांधायला घेतलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की आमच्याकडे हे घरोघर असतं, तिथे तुला कुणी नाक मुरडणार नाही.

आणि खरंच कुणी मुरडलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा मी इतर माणसांबरोबर पंगतीला बसलो. माझी काडी फिरत असताना दाजी शेजारी भाकरी आणि हुलग्याचं माडगं खात बसायचे. बायका नारूबद्दल बाळंतपणासारख्या बोलायच्या, कुणाचा कितवा, कुणाचा पायात, कुणाचा हातात. दर उन्हाळ्यात निम्मी आळी आडवी व्हायची आणि पावसाळ्यात उठून पेरायला जायची. आक्का रोज सकाळी माझा नारू काडीला गुंडाळायची आणि तिथूनच उठून पिठात हात घालायची. मधे हात धुतले की नाही हे मी डोळे ताणून बघत असे. मला माणसांच्या किळसेतून ज्यांनी सोडवून आणलं त्यांचीच मी किळस करत बसलो होतो. माझी ती खोडच.

पाणी मी गाळून प्यायचो. माझ्याजवळ जुन्या धोतराचं दुहेरी फडकं होतं, ते तांब्याच्या तोंडाला बांधून मगच पाणी घ्यायचो. आक्का हसायची. बाहेरदेशी राहून भाऊ साहेब झाला, आमच्या घरच्या पाण्याला फडकं लावतो, असं शेजारणीला सांगायची. एकदा तिने विचारलंही की हे कशापायी. मी म्हटलं, सवय.

डॉक्टरांचा निरोप मी सांगितला नाही. आज सांगू, उद्या सांगू असं आधी म्हणत होतो. मग न सांगायला कारणच मिळालं.

दुपारी

पोटरीतल्या नारूची आग दुपारी असह्य व्हायची. आक्का पायावर तांब्या-तांब्या पाणी ओतायची, पण ते पाणी साठ पायऱ्या उतरून, डोक्यावर घागर घेऊन वर आणलेलं असायचं. किती ओतणार? आणि ओतून भागत नव्हतं. पायाला बुडायचं होतं.

एका दुपारी गाव सावलीला पडलं असताना मी काठी टेकत विहिरीकडे गेलो. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगितलं. आत गारवा होता. दगडी पायऱ्यांवर कुणीही नव्हतं. उन्हाळ्याचं पाणी पार तळाशी गेलेलं, हिरवट, स्तब्ध. मी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो, पट्टी सोडली आणि गुडघ्यापर्यंत पाय आत घातला.

आग विझली. असं सुख मला गोल करूनही कधी झालेलं नाही. मी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं, कुठल्या देवाचं ते आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा पोटरीपासून पांढरा धूर पाण्यात पसरत होता, सुतासुताने, सावकाश, विहिरीच्या मध्याकडे. ते काय आहे हे मला माहीत होतं. त्या गावात ते माहीत असलेला मी एकटा होतो.

मी पाय काढला नाही.

दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशीही. दोन्ही नारू बाहेर पडेपर्यंत बहुतेक रोज दुपारी गेलो. पुढे पुढे तर पाण्याखाली घोटा फिरवून, पाणी उडवून पायाला कसरत द्यायचो, सप्टेंबरसाठी. स्वतःशी वादही घालायचो. या पाण्यात दुसऱ्या कुणाचा तरी पाय होता म्हणूनच मला नारू झाला ना? सगळेच पाय घालतात, माझ्या एकट्याने काय होणार? निरोप सांगितला असता तर मलाच आधी विहीर बंद झाली असती, हे मात्र मी त्या वादात कधी आणलं नाही. घरी परत आलो की तांब्याला फडकं बांधून पाणी प्यायचो.

हे लिहिताना मला त्या किड्यापेक्षा जास्त किळस येते ती त्या फडक्याची.

परत

पाय बरा झाला. सप्टेंबरअखेर मी कोलंबोत हजर झालो, आणि त्या हंगामात माझ्या त्या कुजलेल्या पायाने गोलही केले. डिकॉस्टा माझ्याशी पुन्हा बोलू लागला. माझ्या जागेवर टपलेला मुलगा पुन्हा बाकावर गेला. मला वाटलं, सुटलो.

हंगाम संपता संपता दाजींचं पत्र आलं. गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. आक्काला तीन नारू होते आणि त्यातला एक गुडघ्यात निघाला होता. जागेवरून उठत नव्हती. आमच्या आळीत या साली कुणी उभं नाही, असं खाली लिहिलं होतं. पत्र वाचलं तेव्हा मी मैदानाच्या कडेला बूट बांधत होतो. एकच बांधला होता, दुसरा तसाच राहिला.

आक्काच्या गुडघ्यातला नारू माझ्याच नारूचा होता असं कुणी सिद्ध करू शकत नाही. त्या विहिरीत दर उन्हाळ्यात पाय बुडत आले होते. या वाक्याआड मी पुष्कळ दिवस लपलो. पण वर्ष बरोबर भरत होतं.

मी आलो आणि तिला बैलगाडीतून, मग रेल्वेने सांगलीला नेलं. आपटे डॉक्टरांनी गुडघा बघितला. सांध्यात किडा मेला होता, आत पू धरला होता. जीव वाचेल, गुडघा सरळ होणार नाही, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "गावात सांगितलं होतंत ना?"

मी हो म्हटलं. मनाची नाही तर नाही, जनाचीही लाज मी त्या दिवशी गुंडाळून ठेवली.

ज्यांना नारू आहे त्यांच्यासाठी

त्यानंतर मी कुठल्या टीमकडे गेलो नाही. आक्काच्या गावीच राहिलो. तिला विहीर उतरता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही, पाय लांब टाकून उंच पाटावर बसून ती भाकरी थापते. हौसाही आता इथेच आहे. पाणी ती आणते, गाळते, आणि गावातल्या कुणाच्याही पट्ट्या मान न फिरवता उकळते.

मी सकाळी विहिरीच्या वरच्या पायरीवर फडकं घेऊन बसतो. येईल त्या घागरीच्या तोंडाला फडकं धरतो. पहिल्या साली लोकांनी थट्टा केली. एकाने तर विचारलं की फुटबॉलवाल्या, इथं गोल राखायला बसलास व्हय? मी बसून राहिलो. ज्याच्या पायाला फोड दिसतो त्याला खाली सोडत नाही. भांडणं झाली, एकदा डोक्यात दगडही बसला. या उन्हाळ्यात आमच्या आळीत दोघेच आडवे आहेत.

तेव्हा सांगतो ते ऐका. नारू ओढू नका, कितीही घाई असो. आग झाली तर पाणी वर आणून पायावर ओता, आणि ओतलेलं पाणी लांब मातीत जिरवा. पाय विहिरीत घालू नका. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. आणि तुम्हाला हे आज कळलं असेल तर ते आजच शेजारच्या घरी सांगा.

एक राहिलं

आक्काला मी हे कधी सांगितलं ते राहिलं.

सांगलीहून परत आल्यावर तिच्या घोट्यातला शेवटचा नारू निघायचा होता. दाराशी पाट टाकून ती बसली होती आणि मी काडी फिरवत होतो, बिराप्पासारखी, अडला की थांबत. तिने सहज विचारलं, "तुजा पाय आता दुकत न्हाई न्हवं?"

मग माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "आक्का, त्या उनाळ्यात मी दुपारचा हिरीत पाय सोडून बसत हुतो."

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. "मी वर आंब्याखाली बसायची. बायका पान्याला आल्या की थोपवायची. म्हनायची, माजा भाऊ हाय खाली, त्येला जरा गार वाटू द्या."

मी काडी धरून होतो. मग डॉक्टरांनी स्टुलावर बसून मला जे सांगितलं होतं ते सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिला सांगितलं. गावाला द्यायचा निरोपही सांगितला. ती ऐकता ऐकता वाकड्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.

"म्हंजे तू फडक्यातनं पानी पीत हुतास," ती म्हणाली, "ते ह्येच्यापायी व्हय?"

"व्हय."

तिने माझ्याकडे बघितलं. त्यात राग असता तर मला सोसवला असता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तवा तुज्याजवळ फडकं येकच हुतं का रं, शिरपा?"

मी काडीला आणखी एक वेढा दिला. तिच्या अंगावर जुनं लुगडं होतं, आणि दारातल्या दोरीवर आणखी दोन वाळत होती.